कार्डातली अमानत : कॅमेऱ्यातले फोटो टॅबलेटवर कसे घ्यावेत, कसे जपावेत

आमच्या भाचीच्या निकाहची गोष्ट आहे. घरच्याच एका मुलाने चांगला कॅमेरा आणला होता. सकाळी दादीच्या खोलीत नवरीला बसवलं, दादीने डोक्यावर हात ठेवून दुआ दिली, त्याचे सात-आठ फोटो निघाले. नंतर निकाह झाला, जेवणं झाली. दुपारी कुणीतरी म्हणालं, "जरा मोठ्या स्क्रीनवर दाखवा ना." लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅबलेट घरात होताच. कार्ड काढलं, रीडरमध्ये घातलं, टॅबलेटला जोडलं. टॅबलेटने काहीतरी इंग्रजीत विचारलं. एका मुलाने 'ओके' दाबलं. कार्ड रिकामं झालं.

कुणी रागावलं नाही, कारण काय झालं ते कुणाला कळलंच नाही. "कार्ड बिघडलं असेल," असं म्हणून तेच कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं आणि रुखसतीचे फोटो काढले. तिथे दुसरी चूक झाली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. पुढच्याच महिन्यात दादीचं इंतकाल झालं. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. मग सगळ्यांना त्या सकाळच्या फोटोंची आठवण झाली.

आज घरात त्या दिवसाचा दादीचा एकच फोटो आहे. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्याचा मोबाइलने काढलेला, आणि तोही व्हॉट्सॲपवर आलेला. फ्रेम करायला गेलो तर चेहरा पुसट दिसतो.

हा लेख त्या एका 'ओके'मुळे लिहितो आहोत. फोटोग्राफीबद्दल उलेमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत, त्या चर्चेत आम्ही जात नाही. पण ज्या घरांत फोटो काढले जातात, त्या घरांत ते नीट उतरवणं, जपणं आणि भलत्या हातात न जाऊ देणं आलंच पाहिजे. हे काम अवघड नाही. चार गोष्टी समजून घेतल्या की आठवीतला मुलगाही करू शकतो.

टॅबलेटने 'फॉरमॅट' का विचारलं?

आधी त्या दिवशी काय झालं ते समजून घेऊ, म्हणजे बाकीचं सोपं जाईल.

मेमरी कार्ड म्हणजे एक मोठी वही समजा. वहीत मजकूर असतो आणि सुरुवातीला अनुक्रमणिका असते. कोणता फोटो कोणत्या पानावर आहे, हे अनुक्रमणिकेत लिहिलेलं असतं. ही अनुक्रमणिका लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. ३२ जीबीपर्यंतची कार्डं साधारणपणे 'फॅट३२' नावाच्या पद्धतीची असतात. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं 'एक्सफॅट' पद्धतीची असतात. बऱ्याच जुन्या आणि स्वस्त अँड्रॉइड टॅबलेटना एक्सफॅट वाचता येत नाही.

आपलं कार्ड ६४ जीबीचं होतं आणि टॅबलेट जुना. त्याला अनुक्रमणिका वाचता आली नाही. कार्डावर सहाशे फोटो होते, पण टॅबलेटच्या लेखी ते 'न समजणारं कार्ड' होतं. म्हणून त्याने सरळ विचारलं : हे वापरण्यायोग्य करू का? म्हणजेच फॉरमॅट करू का? उर्दू न येणाऱ्या माणसाच्या हातात उर्दू पुस्तक दिलं आणि त्याने "यात काही लिहिलेलं नाही, पुसून टाकू का?" असं विचारलं, तसाच हा प्रकार.

यातून पहिला नियम निघतो, तो घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. कार्ड, पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क जोडल्यावर 'फॉरमॅट', 'सेट अप' किंवा 'इरेज' असा कोणताही शब्द दिसला, तर काहीही न दाबता ती वस्तू काढून घ्या. तेच कार्ड दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर लावून पाहा. दहापैकी नऊ वेळा फोटो जागेवरच असतात.

सामान काय लागतं?

कॅमेऱ्यातून टॅबलेटवर फोटो घ्यायला सगळ्यात साधा आणि खात्रीचा मार्ग म्हणजे कार्ड रीडर. बाजारात जाण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या.

पहिली, टॅबलेटचं चार्जिंगचं तोंड कसं आहे. उलटसुलट कसंही बसणारं, दोन्ही बाजूंनी गोल असलेलं तोंड म्हणजे यूएसबी-सी. एकाच बाजूने बसणारं, खाली रुंद आणि वर अरुंद असलेलं जुनं तोंड म्हणजे मायक्रो यूएसबी. आयपॅड जुना असेल तर लाइटनिंग. साध्या आयपॅडला २०२२च्या दहाव्या पिढीपासून यूएसबी-सी आलं. त्याआधीच्या साध्या आयपॅडला लाइटनिंगचा वेगळा एसडी कार्ड रीडर लागतो.

दुसरी, कॅमेऱ्यातलं कार्ड कोणतं आहे. टपाल तिकिटाएवढं मोठं असेल तर एसडी, नखाएवढं असेल तर मायक्रो एसडी. दोन्ही बसतील असाच रीडर घ्या, फरक थोड्याच पैशांचा असतो.

रीडर साधा, म्हणजे मोठ्या यूएसबी तोंडाचा असेल तर मध्ये ओटीजी जोडणी लागते. काही कंपन्यांच्या फोन-टॅबलेटमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन 'ओटीजी' चालू करावं लागतं, आणि थोडा वेळ वापर झाला नाही तर ते आपोआप बंदही होतं. रीडर जोडून काहीच दिसत नसेल तर दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी हे बटण तपासा.

एसडी कार्डाच्या डाव्या कडेला एक इवलासा सरकता खटका असतो. तो 'लॉक'कडे सरकवला की कार्ड फक्त वाचता येतं, त्यावर काही लिहिता किंवा पुसता येत नाही. मायक्रो एसडी ज्या मोठ्या अडॅप्टरमध्ये बसतं, त्यालाही बहुधा हा खटका असतो. फोटो उतरवताना आधी हा खटका लॉकवर करा. त्या दिवशी आम्हाला एवढं माहीत असतं तर दादीचे फोटो आज घरात असते. कार्ड परत कॅमेऱ्यात घालताना खटका मोकळा करायला विसरू नका, नाहीतर कॅमेरा फोटो काढणार नाही.

उतरवण्याची रीत

आता प्रत्यक्ष काम. घाईत, पाहुण्यांच्या गर्दीत हे करू नका. रात्री निवांत बसून करा.

१. टॅबलेट निदान निम्मा चार्ज असू द्या. रीडरला वीज टॅबलेटच पुरवतो. मध्येच टॅबलेट बंद पडला तर कॉपी अर्धवट राहते.

२. जागा तपासा. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा एक साधा जेपेग फोटो साधारण ८ ते १२ एमबीचा असतो. म्हणजे ८०० फोटोंना ८ जीबीच्या आसपास जागा हवी. फोटोग्राफरने 'रॉ' प्रकारात काढले असतील तर तिप्पट धरा. ३२ जीबीच्या टॅबलेटवर सिस्टिम आणि ॲप्स सोडून किती जागा उरते, ते सेटिंग्जमध्ये स्टोरेजमध्ये दिसतं.

३. कॅमेरा बंद करा, मगच कार्ड काढा. चालू कॅमेऱ्यातून, लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढलं तर अनुक्रमणिका बिघडू शकते.

४. कार्ड जोडल्यावर अँड्रॉइडमध्ये 'फाइल्स' ॲप उघडा. कार्डावर 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर असतो. जगातल्या जवळपास सगळ्या डिजिटल कॅमेऱ्यांचे फोटो याच नावाच्या फोल्डरमध्ये असतात. तो निवडा आणि 'कॉपी' करा, 'मूव्ह' किंवा 'कट' नाही. मूव्हमध्ये मूळ फोटो पुसले जातात, आणि मध्येच वायर हलली तर इकडचे ना तिकडचे अशी गत होते.

५. आयपॅडवर कार्ड जोडलं की 'फोटोज' ॲपमध्ये 'इम्पोर्ट'चा पर्याय दिसतो. सगळे फोटो घेऊन झाले की तो विचारतो : कार्डावरचे फोटो डिलीट करू की राहू देऊ? 'कीप' म्हणजे राहू द्या, हेच दाबा.

६. साधा यूएसबी २.० रीडर असेल तर ८ जीबीला चार-पाच मिनिटं तरी लागतात, अनेकदा जास्तच. तोपर्यंत टॅबलेट मुलांच्या हातात देऊ नका.

७. झाल्यावर मोजा. कार्डावर ६१२ फोटो होते तर टॅबलेटवरही ६१२ हवेत. मग सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे पाच-दहा फोटो उघडून मोठे करून पाहा. नुसती छोटी चित्रं दिसली म्हणजे फोटो आला असं नाही.

८. शेवटी 'इजेक्ट' करूनच रीडर काढा.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. कॅमेरा फोटोंना क्रमांक देतो आणि बहुतेक कॅमेऱ्यांत ९९९९ नंतर तो पुन्हा १ पासून सुरू होतो. त्यामुळे मागच्या ईदचा आणि आजच्या अकीक्याचा फोटो एकाच नावाचा असू शकतो. कॉपी करताना टॅबलेटने 'रिप्लेस?' विचारलं तर हो म्हणू नका. 'दोन्ही ठेवा' निवडा. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाचा नवा फोल्डर करून त्यात कॉपी करा, म्हणजे प्रश्नच उद्भवत नाही.

वायफायने नाही का होणार?

होईल. बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत वायफाय असतं आणि कंपनीचं ॲप असतं, जसं कॅननचं कॅमेरा कनेक्ट किंवा निकॉनचं स्नॅपब्रिज. चार-दोन फोटो लगेच कुणाला पाठवायचे असतील तर ही सोय छान आहे. पण एक गोष्ट तपासा. अशा ॲपमध्ये 'मूळ आकार' आणि 'लहान आकार' असे पर्याय असतात. लहान आकार म्हणजे साधारण २ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा फोटो काढून २ मेगापिक्सेलचा घरात ठेवणं म्हणजे देगभर बिर्याणी शिजवून बशीभर घरी आणण्यासारखं आहे. सहाशे फोटोंसाठी वायफाय संथही पडतं आणि कॅमेऱ्याची बॅटरीही संपते. पूर्ण कार्यक्रमासाठी कार्ड रीडरच बरा.

व्हॉट्सॲप ही तिजोरी नाही

आपल्या घरांत सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. "फोटो ग्रुपवर टाकलेत की, आहेत ना सगळे!" नाहीत. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याला दाबून लहान करतं. १० एमबीचा फोटो काहीशे केबीचा होतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. मोबाइलवर तो झकास दिसतो, म्हणून आपल्याला कळत नाही.

छापायला गेलं की कळतं. चांगल्या छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरतात. १६०० पिक्सेलला ३०० ने भागा, पाच इंचांच्या थोडं वर येतं. म्हणजे व्हॉट्सॲपचा फोटो पोस्टकार्डाएवढाच नीट छापता येतो. १२ बाय १८ इंचाच्या फ्रेमला ३६०० बाय ५४०० पिक्सेल हवेत. कॅमेऱ्याच्या मूळ ६००० बाय ४००० पिक्सेलच्या फोटोत ते आरामात आहेत.

२०२३ पासून व्हॉट्सॲपवर 'एचडी'चा पर्याय आला. त्याने फरक पडतो, पण तोही मूळ फोटो नव्हे. मूळ फोटोच पाठवायचा असेल तर कागदपत्र जोडतात तसा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग तो जसाच्या तसा जातो. आखाती देशात असलेल्या भावाला निकाहचे फोटो पाठवायचे असतील तर निवडक पंधरा-वीस असे पाठवा. बाकीचे तो सुट्टीवर आला की पेन ड्राइव्हमध्ये द्या.

तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत घराबाहेर

संगणकाच्या जगात हा नियम सर्वमान्य आहे. फोटोंच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत घराबाहेर असावी. हे ऐकायला श्रीमंतांचं काम वाटतं, पण तसं नाही.

पहिली प्रत टॅबलेटवर. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. तिसरी पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह बहिणीच्या किंवा भावाच्या घरी. त्यांचा आपल्याकडे, आपला त्यांच्याकडे. महापुरात चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूरच्या घरांत पाणी शिरलं तेव्हा कपाटातले अल्बम चिखलात गेले, तसे संगणकही गेले. दोन प्रती एकाच कपाटात असतील तर त्या दोन नाहीतच, एकच आहे.

साधनांचे स्वभावही ओळखून असा. हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते, ती पडली की संपली. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड हे वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये टाकून देण्याची वस्तू नाही. वर्षातून एकदा लावून, उघडून पाहावं लागतं. रमजानच्या आधी घराची साफसफाई होते ना, त्याच आठवड्यात हे काम ठेवा, म्हणजे लक्षात राहतं. कोकणासारख्या दमट हवेत डिस्क आणि कॅमेरा दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

हार्ड डिस्क टॅबलेटला जोडताना दोन अडचणी येतात. एक, टॅबलेटची वीज तबकडीवाल्या डिस्कला कधीकधी पुरत नाही. ती टकटक वाजते आणि दिसत नाही. अशा वेळी बाहेरून वीज घेणारा यूएसबी हब लावा, किंवा तबकडी नसलेली एसएसडी घ्या. दोन, नवी डिस्क बहुधा 'एनटीएफएस' पद्धतीची येते, ती बऱ्याच टॅबलेटना पेलत नाही. नवी, रिकामी डिस्क संगणकावर एकदाच एक्सफॅट करून घेतली की नव्या टॅबलेटवर, आयपॅडवर आणि संगणकावर चालते. आयपॅडवर बाहेरची डिस्क 'फाइल्स' ॲपमध्ये दिसण्याची सोय २०१९ पासून आहे.

आणि कॅमेऱ्याचं कार्ड? दोन ठिकाणी फोटो पोहोचले, उघडून पाहिले, मगच ते रिकामं करायचं. तेही टॅबलेटवर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं.

गुगल फोटोज : सोय आणि सापळा

गुगल फोटोजवर १ जून २०२१ पर्यंत काहीसे लहान केलेले फोटो कितीही ठेवता येत होते. ती सवलत बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबी मोफत आहेत. ॲपलच्या आयक्लाउडवर ५ जीबी. एक लग्न आलं की एवढी जागा संपते. म्हणून तिथे सगळे नाही, निवडक फोटो ठेवा.

मोठा सापळा वेगळाच आहे. गुगल फोटोज ही नुसती प्रत नाही, तो जोडलेला आरसा आहे. बॅकअप झालेला फोटो टॅबलेटवरच्या गुगल फोटोज ॲपमधून डिलीट केला की तो क्लाउडमधूनही जातो. "टॅबलेट भरलाय, इथले पुसू, गुगलवर आहेतच," असं म्हणून पुष्कळांनी दोन्हीकडचे फोटो घालवलेत. टॅबलेट मोकळा करायचा असेल तर त्याच ॲपमधला 'फ्री अप स्पेस' पर्याय वापरा. चुकून डिलीट झालंच तर बॅकअप झालेले फोटो 'ट्रॅश'मध्ये ६० दिवस राहतात, तोवर परत आणता येतात. आयपॅडच्या 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस.

गुगलचं जे खातं सलग दोन वर्षं कुणी वापरलंच नाही, ते त्यातल्या फोटोंसकट काढून टाकलं जाऊ शकतं, असा नियम आहे. अम्मीच्या जुन्या फोनवरचं खातं, ज्याचा पासवर्ड कुणाला आठवत नाही, त्यात काय आहे ते आजच पाहा. आपल्यानंतर आपलं खातं कुणाला मिळावं, हे ठरवण्याची सोय गुगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये आहे, ॲपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट'मध्ये. जमिनीची वाटणी आपण लिहून ठेवतो, वसीयत करतो. फोटोंची चावी मात्र कुणाकडे देत नाही.

नाव द्या, नाहीतर ढीग होतो

जपलेले फोटो सापडलेच नाहीत तर जपून काय उपयोग? फोल्डरचं नाव वर्ष, महिना, दिवस आणि मग प्रसंग अशा क्रमाने द्या. उदाहरणार्थ '२०२५-०१-१८ मोठ्या भाचीचा निकाह'. वर्ष आधी लिहिल्याने फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

कॅमेऱ्यातली तारीख एकदा तपासा. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख-वेळ लिहून ठेवतो. बॅटरी बरेच दिवस उतरलेली असेल तर ती तारीख मागे जाते, आणि निकाहचे फोटो कुठल्यातरी जुन्या वर्षात जाऊन बसतात.

प्रत्येक कार्यक्रमानंतर हललेले, डोळे मिटलेले, एकसारखे दहा-दहा फोटो काढून टाका. सहाशेतले दीडशे उरले तरी चालतील. पण हे मूळ प्रत हार्ड डिस्कवर गेल्यानंतरच.

जुने अल्बम आणि पाठीमागची उर्दू

टॅबलेट हाती आहे तर एक काम आणखी करा. दादा-नानांच्या काळातले कागदी फोटो टॅबलेटच्या कॅमेऱ्यात उतरवून घ्या. खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा उजेडात फोटो सपाट ठेवा. फ्लॅश बंद. टॅबलेट बरोबर वरून, तिरका न करता धरा. चमक येत असेल तर गुगलचं 'फोटोस्कॅन' नावाचं मोफत ॲप उपयोगी पडतं. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतो. पानासकटच टिपा.

आणि फोटो उलटून मागची बाजूही टिपा. आमच्या पिढीपर्यंत मागे उर्दूत लिहिलेलं असायचं : कोण, कुठे, कोणत्या ईदला. आज आपली निम्मी मुलं मराठी किंवा इंग्रजी माध्यमात आहेत, त्यांना ते वाचता येत नाही. वाचून सांगणारी माणसंही दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून फुफीला, मोठ्या चाचांना शेजारी बसवा, टॅबलेटवर फोटो मोठा करून दाखवा आणि त्या काय सांगतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करा किंवा मुलांकडून मराठीत लिहून घ्या. टॅबलेटचा मोठा पडदा अशा वेळी कामाला येतो. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनाही चेहरा ओळखता येतो.

याच बैठकीत जुना निकाहनामा, शाळा सोडल्याचा दाखला, जमिनीचे कागद यांचेही स्पष्ट फोटो घेऊन ठेवा. ते मूळ कागदाची जागा घेत नाहीत. पण कागद हरवला किंवा भिजला तर दाखला क्रमांक, रजिस्टर क्रमांक आणि तारीख हाती असते, आणि त्यावरून नक्कल काढणं पुष्कळ सोपं जातं. हे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. कौटुंबिक ग्रुपवर टाकू नका.

लेकी-सुनांचे फोटो

हा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याचा फोटो आपल्या टॅबलेटमध्ये असणं ही अमानत आहे. अमानत तिच्या हक्कदाराकडे सोपवण्याचा हुकूम कुरआनात सूरह निसामध्ये आहे. फोटोच्या बाबतीत याचा साधा अर्थ असा की ज्याचा फोटो आहे, त्याला विचारल्याशिवाय तो पुढे जाऊ नये.

बायकांच्या मंडपातले फोटो वेगळ्या कार्डावर घ्या. ते घरच्याच कुणीतरी उतरवावेत. फोटोग्राफर बाहेरचा असेल तर काम झाल्यावर त्याच्याकडच्या प्रतींचं काय होणार, नमुना म्हणून तो त्या कुठे लावणार का, हे आधीच विचारून, शक्य तर लिहून घ्या. शेअर्ड अल्बमची लिंक करताना लक्षात ठेवा, लिंक ज्याच्या हाती पडेल तो फोटो पाहू शकतो. ग्रुपमध्ये टाकलेली लिंक चार ग्रुप फिरून येते. त्यापेक्षा नावानिशी, ठरावीक माणसांनाच अल्बम द्या. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेची नोंदही असू शकते. कॅमेरा सेटिंग्जमध्ये 'लोकेशन' बंद करता येतं.

टॅबलेट दुरुस्तीला किंवा विकायला देताना आधी फोटो उतरवून घ्या, खात्यातून 'साइन आउट' करा, मग 'फॅक्टरी रीसेट' करा. आतलं मेमरी कार्ड काढून घ्यायला विसरू नका. आणि कुणी लेकीच्या फोटोचा गैरवापर केलाच, तर तिला दोष देऊन गप्प बसवू नका. स्क्रीनशॉट जपून ठेवा, पोलीस ठाण्यात किंवा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. १९३० हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

चुकून पुसलेच गेले तर?

त्या दिवशी आम्हाला जे माहीत नव्हतं, ते इथे लिहितो. फॉरमॅट किंवा डिलीट झाल्यावर बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते. वहीची पानं तशीच असतात, फक्त 'कोरी' म्हणून मोजली जातात. त्यावर नवं काही लिहिलं की जुनं खरोखर जातं.

म्हणून एकच करायचं : कार्ड ताबडतोब काढायचं, लॉकचा खटका लावायचा आणि त्यावर एकही नवा फोटो काढायचा नाही. मग संगणकाला जोडून 'फोटोरेक' सारख्या मोफत सॉफ्टवेअरने फोटो शोधायचे, आणि सापडलेले फोटो त्याच कार्डावर नाही तर संगणकावर उतरवायचे. जमत नसेल तर जाणकाराकडे जा.

आमच्या शाळेतल्या संगणक शिकवणाऱ्या सहकाऱ्याने ते कार्ड असंच तपासलं. निकाहचे आणि जेवणाचे बहुतेक फोटो परत आले, अलहम्दुलिल्लाह. पण फॉरमॅटनंतर रुखसतीचे फोटो कार्डाच्या सुरुवातीपासून लिहिले गेले होते, आणि सुरुवातीला होती ती सकाळ. दादीच्या खोलीतली. ते फोटो आले नाहीत.

येत्या रविवारी एक तास काढा. घरातली सगळी कार्डं, पेन ड्राइव्ह, जुने मोबाइल एका ताटात गोळा करा. एकेक उघडा, उतरवा, दोन ठिकाणी ठेवा. मुलांना शेजारी बसवा आणि 'फॉरमॅट' हा शब्द दाखवून ठेवा. घरात कुणी बुजुर्ग असतील तर त्यांचे फोटो सगळ्यात आधी उतरवा.